सैनिकी न्यायालयाच्या निकालावरील अपील : बराकपूर १८५७ ते सशस्त्र दल न्यायाधिकरण

बराकपूर (कोलकाता) : कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी असलेली बराकपूरची छावणी ईस्ट इंडिया कंपनीच्या भारतातील सर्वांत जुन्या छावण्यांपैकी एक. २९ मार्च १८५७ रोजी ३४व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीतील शिपाई मंगल पांडे यांनी येथील कवायतीच्या मैदानावर दोन गोऱ्या वरिष्ठांवर शस्त्र उगारले. ६ एप्रिलला त्यांच्यावर सैनिकी न्यायालयात खटला चालला. हिंदी अधिकाऱ्यांच्या त्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून मृत्युदंड सुनावला. प्रेसिडेन्सी विभागाचे सेनाधिकारी मेजर जनरल हिअर्सी यांनी शिक्षेला पुष्टी दिली आणि ८ एप्रिलच्या सकाळी फाशी झाली. आरोपपत्र ते अंमलबजावणी हे सारे तीन दिवसांत उरकले. निकाल तपासून पाहणारे वरचे न्यायालय त्या व्यवस्थेत नव्हतेच.

पुष्टी आणि अपील यांतील भेद येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. सैनिकी न्यायालयाचा निकाल पुष्टी मिळेपर्यंत अपुरा मानला जातो आणि पुष्टी देणारा अधिकारी शिक्षा सौम्यही करू शकतो. याच बराकपुरात १८२४ मध्ये ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर कूच करण्यास नकार देणाऱ्या ४७व्या पलटणीतील अनेक शिपायांना मृत्युदंड झाला. काहींना फाशी देण्यात आली, तर इतरांची शिक्षा सक्तमजुरीत बदलण्यात आली. पण ती दया होती आणि ती देणारा अधिकारी शिस्त राखण्यास जबाबदार असलेल्या त्याच सेनाश्रेणीतला होता. पुरावा पुरेसा होता का, कायद्याचा अर्थ बरोबर लावला गेला का, हे प्रश्न तटस्थपणे विचारण्याचा हक्क शिपायाला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५० च्या लष्कर अधिनियमाने ही चौकट मोठ्या प्रमाणात तशीच ठेवली. कलम १५३ नुसार पुष्टीशिवाय निकाल वैध नाही. कलम १६४ नुसार दोषी ठरलेल्या सैनिकाला पुष्टीपूर्वी पुष्टी अधिकाऱ्याकडे आणि नंतर केंद्र सरकार, लष्करप्रमुख वा वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. संविधानानेही सैनिकी न्यायालयांना अंतर दिले. अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमतीचे अपील आणि अनुच्छेद २२७ खालील उच्च न्यायालयाची देखरेख या दोहोंतून ती वगळली आहेत. अनुच्छेद २२६ आणि ३२ खालील रिट याचिकेचा मार्ग मात्र खुला राहिला. परंतु रिट अधिकारात न्यायालय साधारणतः निर्णयाची प्रक्रिया तपासते, पुरावा पुन्हा तोलत नाही.

या मर्यादेतूनही काही सैनिकांना दाद मिळाली. १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात आधीची शिक्षा भोगत असलेल्या एका सिग्नलमनने जेवण घेण्याचा हुकूम मानला नाही. त्याबद्दल संक्षिप्त सैनिकी न्यायालयाने त्याला एक वर्षाचा सश्रम कारावास सुनावला. त्याने ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार केली होती, तोच त्या न्यायालयात बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने पक्षपाताच्या शंकेवरून आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाजवी असल्यावरून ती कारवाई रद्द केली. जेवणाला नकार हा गुन्हा धरला, तरी त्यासाठी वर्षभराची कैद कोणत्या मापाने योग्य ठरते, हा प्रश्न त्यापुढे टाळता येण्याजोगा राहिला नाही.

त्याआधीच, १९८२ मध्ये, लेफ्टनंट कर्नल पृथी पाल सिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सैनिकी न्यायालयाविरुद्ध एकही अपील नसणे ही ठळक उणीव असल्याचे नोंदवले होते. ब्रिटनमध्ये १९५१ च्या कायद्याने अशा अपिलाची सोय झाली होती. आपल्याकडे विधी आयोगाने १९९९ मध्ये १६९व्या अहवालात अपिली न्यायाधिकरणाची शिफारस केली. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम २००७ मध्ये संमत झाला आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. मुख्य पीठ दिल्लीत असून कोलकाता आणि मुंबई येथेही पीठे आहेत. बराकपूरच्या छावणीतील प्रकरण आज कोलकाता पीठापुढे जाते. तेथे न्यायिक सदस्यासोबत सेनादलातील निवृत्त ज्येष्ठ अधिकारी प्रशासकीय सदस्य म्हणून बसतो.

अधिनियमाचे कलम १५ हा या व्यवस्थेचा कणा आहे. निष्कर्ष कोणत्याही कारणाने कायद्यापुढे टिकण्याजोगा नसेल, कायद्याच्या मुद्द्यावरील निर्णय चुकला असेल, किंवा खटल्यातील गंभीर अनियमिततेमुळे न्यायहानी झाली असेल, तर अपील मान्य करावे लागते. न्यायहानी झालेली नाही असे वाटल्यास न्यायाधिकरण अपील फेटाळू शकते, मात्र कारणे लेखी नोंदवल्यावरच. सिद्ध न झालेल्या गुन्ह्याच्या जागी, सैनिकी न्यायालयाला ज्याबद्दल कायद्याने दोषी ठरवता आले असते, असा दुसरा गुन्हा ठेवून नव्याने शिक्षा देण्याची मुभाही त्याला आहे. अपील प्रलंबित असताना शिक्षेला स्थगिती देता येते. शिक्षा अवाजवी, बेकायदा वा अन्याय्य आढळल्यास ती पूर्णतः किंवा अंशतः माफ करणे, सौम्य करणे, कमी प्रतीच्या शिक्षेत बदलणे हे सारे त्याच्या हाती आहे.

याच कलमात शिक्षा वाढवण्याचाही अधिकार आहे, फक्त अपीलकर्त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. सैनिकाच्या दृष्टीने ही तरतूद हलकी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ नुसार नागरी आरोपीने स्वतःच्या दोषसिद्धीविरुद्ध केलेल्या अपिलात न्यायालय शिक्षेचे स्वरूप बदलू शकते, पण ती वाढवू शकत नाही. वाढीसाठी सरकारला स्वतंत्र अपील करावे लागते. म्हणजे दाद मागताना शिक्षा वाढण्याची जी टांगती तलवार नागरी आरोपीवर नसते, ती सैनिकावर असते. शिस्तीच्या नावाने या फरकाचे समर्थन होते. ते पुरेसे पटणारे नाही.

नागरी बाजूला शिक्षावाढीची मागणी कोणी करावी, हा वाद कोलकात्यातच नुकताच उभा राहिला. आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणात सियालदह न्यायालयाने २० जानेवारी २०२५ रोजी आरोपीस जन्मठेप सुनावली. फाशीच्या मागणीसाठी राज्य सरकार आणि केंद्रीय अन्वेषण विभाग (सीबीआय) दोघेही उच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारीला खंडपीठाने राज्याचे अपील दाखल करून घेण्यास नकार दिला आणि सीबीआयचे स्वीकारले, कारण तपास सीबीआयने केला होता. निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलाबाबत लालूप्रसाद यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हाच दृष्टिकोन घेतला होता.

न्यायाधिकरणाच्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, परंतु त्यासाठी अनुमती लागते. सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असल्याचे न्यायाधिकरणाने प्रमाणित करावे किंवा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे असे सर्वोच्च न्यायालयाला वाटावे, असा तो निकष आहे. हा उंबरठा उंच आहे आणि दूरच्या ठाण्यावरील जवानाला दिल्ली गाठणे सोपे नसते. उच्च न्यायालयाचा रिट मार्ग खुला आहे का, यावर बराच काळ मतभेद होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने उच्च न्यायालयांनी अशा याचिका घेऊ नयेत असे म्हटले. २१ मार्च २०२३ रोजी परशोत्तम दास प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने तो दृष्टिकोन बाजूला सारून अनुच्छेद २२६ खालील अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे न्यायाधिकरणाच्या कोलकाता पीठाकडून निराश झालेल्या बराकपूरच्या जवानाला कोलकाता उच्च न्यायालयातही रिट याचिका दाखल करता येते.