ट्यूबवरचा आकडा आणि दोन बोटांचे माप

सनस्क्रीनची ट्यूब हातात घेतली की सर्वात आधी दिसतो तो एसपीएफचा आकडा. १५, ३०, ५०. दुकानात आपण हा आकडा पाहून ट्यूब निवडतो आणि मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसेही मोजतो. तरीही ‘डॉक्टर, ५० नंबरचे लावते, मग वांगाचे डाग का वाढताहेत?’ हा प्रश्न उन्हाळ्यात दवाखान्यात वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा क्रीमच्या दर्जात नसते. ते असते आपण किती क्रीम लावतो आणि कितीदा लावतो यात. हे पटायला हवे असेल, तर हा आकडा कसा तयार झाला ते पाहू या.

ऊन भाजते ते उष्णतेने नव्हे

उन्हाने त्वचा लाल होते ती उष्णतेमुळे, अशी समजूत फार जुनी आहे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी स्वतःचे दोन्ही हात उन्हात धरून ती तपासली. एक हात उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळे कापड टाकले. कापडाखालचे तापमान जास्त होते, पण भाजला तो उघडा हात. हे निरीक्षण १८२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १८०१ मध्ये जर्मनीत योहान रिटर यांनी जांभळ्या रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण शोधले होते. आज आपण त्यांना अतिनील किरण म्हणतो. यातले नेमके कोणते किरण त्वचा भाजतात, हे १९२२ मध्ये हाउसर आणि वाले या जर्मन शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले.

म्हणूनच ढगाळ हवेत किंवा गार वारा असतानाही त्वचा काळवंडते. चटका बसत नाही म्हणजे किरण नाहीत, असे समजू नका.

आकडा कुठून आला?

१९३० च्या दशकात युरोपात आणि ऑस्ट्रेलियात सनस्क्रीन बाजारात येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना उन्हापासून बचावासाठी लाल रंगाची, चिकट पेट्रोलियम जेली दिली जात असे. पण कोणते क्रीम किती संरक्षण देते हे सांगायला माप नव्हते. १९५६ मध्ये जर्मनीतील रुडॉल्फ शुल्झ यांनी मोजण्याची पद्धत मांडली. ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनी १९७० च्या दशकात ‘सन प्रोटेक्शन फॅक्टर’ म्हणजे एसपीएफ ही कल्पना रूढ केली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्या चाचणीची नियमावली मांडली.

चाचणी साधी आहे. स्वयंसेवकाच्या पाठीवर क्रीम लावतात आणि दिव्याने अतिनील किरण सोडतात. क्रीम न लावलेली त्वचा जेवढ्या किरणांनी लाल होते, त्याच्या ३० पट किरण लागले तर एसपीएफ ३०. म्हणजे साधारण तिसावा हिस्सा किरण आत पोचतात. ५० असेल तर पन्नासावा.

आता यातली मुख्य गोष्ट बघा. चाचणीत क्रीम मोजून लावतात : दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. त्वचा गुळगुळीत काचेसारखी नसते, तिला खाचखळगे असतात. ते भरून वर सलग थर बसावा आणि प्रत्येक प्रयोगशाळेत सारखेच उत्तर यावे, म्हणून एवढी मात्रा ठरली. जर्मनीच्या जुन्या मानकात ती १.५ मिलिग्रॅम होती. ट्यूबवरचा ५० हा आकडा त्या ठरावीक जाडीच्या थराचा आहे. आपण बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढे घेऊन चेहराभर पसरतो, त्या थराचा तो नाही.

माणसे प्रत्यक्षात किती लावतात?

१९८५ मध्ये स्वीडनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी लोकांना नेहमीसारखे क्रीम लावायला सांगितले आणि वजन केले. मात्रा भरली सुमारे १ मिलिग्रॅम, आणि संरक्षण जवळपास निम्मे. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या समुद्रकिनाऱ्यावर केलेल्या पाहणीत ती ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या पाव हिस्सा. मात्रा अशी पाव झाली की ५० चा आकडा फक्त ट्यूबवर उरतो.

१९९९ मध्ये एक डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. युरोपातील विद्यार्थ्यांना सुटीसाठी सनस्क्रीन दिली. काहींना एसपीएफ १० ची, काहींना ३० ची. कोणाला कोणती मिळाली हे सांगितले नव्हते. ज्यांना ३० ची मिळाली, ते जास्त वेळ उन्हात राहिले. त्वचा लाल होणे हा शरीराचा इशारा असतो. तो उशिरा आला, म्हणून ते उन्हातून उशिरा उठले. सनस्क्रीन म्हणजे उन्हात जास्त वेळ थांबण्याचा परवाना नव्हे, हा त्याचा धडा.

मग सनस्क्रीन लावून उपयोग आहे का? आहे, आणि त्याचा भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. क्वीन्सलँडमधील नंबूर या गावात १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ प्रौढांवर ॲडेल ग्रीन यांच्या गटाने प्रयोग केला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, बाकीच्यांनी आपल्या मर्जीप्रमाणे लावायचे. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या स्क्वॅमस कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्के कमी झाल्या. पुढे प्रयोग संपल्यावर दहा वर्षांनी मोजले, तेव्हा मेलॅनोमाचे रुग्ण त्यांच्यात ११, तर दुसऱ्या गटात २२ निघाले. विशेष म्हणजे हे लोकही प्रयोगशाळेइतके जाड लावत नव्हते. पण ते रोज लावत होते.

पुन्हा का लावायचे?

घामाने, टॉवेलने, रुमालाने, पदराने क्रीम पुसले जाते. शिवाय पहिल्या वेळी कान, मानेची मागची बाजू, नाकाच्या कडा हमखास सुटतात. ब्रिटनचे ब्रायन डिफी यांनी २००१ मध्ये गणिती प्रारूप मांडून दाखवले, की उन्हात जाण्याआधी १५ ते ३० मिनिटे पहिला थर आणि उन्हात गेल्यावर १५ ते ३० मिनिटांत दुसरा थर लावला, तर फायदा सर्वाधिक. त्यानंतर साधारण दर दोन तासांनी, आणि पोहल्यावर किंवा खूप घाम आल्यावर लगेच. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे कायमचे नव्हे. अमेरिकेच्या २०११ च्या नियमानुसार हा दावा ४० किंवा ८० मिनिटांचाच करता येतो, आणि ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वापरायला मनाई आहे.

दोन बोटांचे माप

मिलिग्रॅम घरी कोण मोजणार? म्हणून २००२ मध्ये टेलर आणि डिफी यांनी सोपी युक्ती सुचवली. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढा. एवढे क्रीम शरीराच्या एका भागाला. डोके-चेहरा-मान हा एक भाग, प्रत्येक हात एक, असे शरीराचे ११ भाग. आधी बोटे सपशेल भरलेली पाहून ‘एवढे?’ असे वाटते. हो, एवढेच. एकदम लावल्यास चेहरा पांढराफटक दिसत असेल, तर एका बोटाएवढे लावा, दहा मिनिटांनी पुन्हा एका बोटाएवढे.

आपल्यासाठी याचा अर्थ

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतील मेलॅनिन काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण देते. गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी आढळतो. त्यामुळे घरात बसून अंगभर क्रीम चोपडण्याची गरज नाही. पण वांगाचे डाग, ल्युपस, पांढरे कोड असलेल्यांनी आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या उन्हाने त्रास वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे काटेकोर पाळावे. वांग असेल तर त्वचेच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो.

शेतात, रस्त्यावर, बांधकामावर दिवसभर काम करणाऱ्यांना दर दोन तासांचा खर्च परवडणार नाही. त्यांनी मन खाऊ देऊ नये. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावरून मानेपर्यंत गुंडाळलेला पंचा आणि दुपारची सावली हे खरे संरक्षण. हे घामाने पुसले जात नाही. सहा महिन्यांखालील बाळालाही क्रीमऐवजी सावली आणि कपडेच द्या.

शेवटी एक हिशेब. चेहरा आणि मानेला एका वेळी सव्वा ग्रॅम धरले आणि दिवसातून दोनदा लावले, तर ५० ग्रॅमची ट्यूब साधारण वीस दिवसांत संपते. आज घरी गेल्यावर तुमच्या ट्यूबवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. ती चार महिने पुरली, तर महागडे ५० घेण्यापेक्षा परवडणारे ३० घ्या आणि पुरेसे लावा.