उपरी, खातेदार आणि परदेशी विद्यार्थी : करदात्याच्या ओळखीची खानदेशी कहाणी

१/
जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीत पोहोचला, की त्याला प्रथम नगरपालिकेत राहण्याचा पत्ता नोंदवावा लागतो. पुढे त्याच पत्त्यावर टपालाने अकरा अंकी करक्रमांक येतो. शिकता शिकता नोकरी धरली आणि हा क्रमांक दिला नाही, तर पगारातून सर्वांत चढ्या श्रेणीने कर कापला जातो. तेथील ही पद्धत २००८ पासूनची आहे. परंतु बाहेरून आलेल्या माणसाची सरकारदप्तरी ओळख कोणती, हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे.

२/
मराठेशाहीत दख्खनच्या गावांतून शेतकऱ्यांचे दोन मुख्य वर्ग आढळतात. मिरासदार हा जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार. गावकीत त्याला मान असे. उपरी म्हणजे मिरासी हक्क नसलेला, पुष्कळदा परगावाहून आलेला कसणारा. तो कौल घेऊन जमीन करी आणि कौलात ठरलेला सारा भरी. कर दोघेही देत; मुळे मात्र एकाचीच मानली जात. दोघांची ओळख पाटील-कुलकर्ण्यांच्या माहितीवर आणि गावच्या दप्तरावर अवलंबून असे.

३/
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि धुळे हे कारभाराचे ठाणे झाले. दरम्यान गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक शेताला हद्दीचे दगड, प्रत्येक शेताला क्रमांक, आण्यांत प्रतवारी आणि साधारण तीस वर्षांसाठी ठरलेला सारा, असे तिचे स्वरूप होते. ज्याच्या नावे नोंद, तो खातेदार. सारा भरत राहिला तोवर शेत त्याचे. मग तो मिरासदार असो वा उपरी. जुना भेद महसुलापुरता निष्प्रभ होऊ लागला. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की क्रमांक जमिनीला मिळाला, माणसाला नव्हे.

४/
खानदेशाने ही मोजणी निमूटपणे स्वीकारली नाही. १८५२ मध्ये आजच्या जळगाव जिल्ह्यातील सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांचे मोठे जमाव उभे राहिले आणि मोजणी थांबवण्याची मागणी झाली. अखेर सैन्य आणून हा उठाव मोडण्यात आला. साखळी घेऊन आलेला मोजणीदार शेताला क्रमांक देत होता; पण तो क्रमांक म्हणजे साऱ्याच्या हिशेबात कायमचे अडकणेही होते. नोंद संरक्षण देते आणि पकडही घट्ट करते, हे यावल-सावद्याच्या रयतेला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

५/
१८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला. वर्षाला दोनशे रुपये वा अधिक उत्पन्न असणारे लोक सर्वसाधारणपणे त्याच्या कक्षेत आले. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. आता कर माणसाच्या कमाईवर होता आणि माणसाला हद्दीचे दगड रोवता येत नाहीत. पुढे दीर्घकाळ करदाता त्या-त्या कचेरीच्या नोंदवहीतील क्रमांकाने ओळखला जाई. देशभर चालणारा कायम खाते क्रमांक, म्हणजे पॅन, १९७० च्या दशकात कायद्यात आला आणि त्याचे आजचे दहा अक्षर-अंकांचे रूप १९९० च्या दशकात रूढ झाले. ‘खाते’ हा जुना शब्द टिकला. खाते मात्र जमिनीवरून माणसाकडे आले.

६/
आज भारतात शिकायला आलेला परदेशी विद्यार्थीही पॅन काढू शकतो. परकीय नागरिकांसाठी वेगळा अर्ज असतो. पारपत्र हा ओळखीचा पुरावा ठरतो, सोबत पत्त्याचा पुरावा लागतो. शिक्षणखर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती भारतात करमुक्त असते. पण करपात्र मोबदल्यावर मुळातून कपात होत असता पॅन दिला नाही, तर ती कपात बहुधा २० टक्क्यांनी होते. बिननोंदीच्या माणसाला जर्मनीत काय, भारतात काय, अधिकच द्यावे लागते.

७/
या कथेचा आणखी एक टप्पा खानदेशातच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात दिले गेले. १९९८ पर्यंत हा प्रदेश धुळे जिल्ह्यात होता. ज्या खानदेशात शेताला क्रमांक देण्यावरून उठाव झाला, तेथेच १५८ वर्षांनी माणसाला क्रमांक देण्याचा प्रारंभ झाला.

८/
आधारसाठी नागरिकत्वाची अट नाही, रहिवासाची आहे : आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवसांचा वास. प्राप्तिकराच्या कायद्यातही निवासी ठरण्याची प्रमुख कसोटी आर्थिक वर्षातील १८२ दिवसांचीच आहे. मिरासदाराच्या काळात ‘तू कोणाच्या वंशाचा’ हा प्रश्न निर्णायक होता. आज ‘तू किती दिवस राहिलास’ हा आहे.

९/
म्हणून परदेशात पत्ता नोंदवायला रांगेत उभा असलेला खानदेशी तरुण इतिहासाच्या दृष्टीने उपरीच आहे. फरक इतकाच की त्याला कौलासाठी पाटलाची मर्जी राखावी लागत नाही. त्याच्या हाती पडणारा क्रमांक त्याच्याकडून कर घेईल, तसाच वर्षअखेरीस जादा कापलेला कर परत मागण्याचा हक्कही देईल. १८५२ च्या रयतेला नोंदीची पहिली बाजू अचूक दिसली होती. दुसरी बाजू पाहण्याइतका विश्वास त्या सरकारने तिच्या मनात निर्माण केला नव्हता.