दिनविशेष : १७ सप्टेंबर

‘प्रबोधन’कार केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १८८५ साली याच दिवशी पनवेल येथे झाला. पत्रकार, इतिहासलेखक आणि सनातन्यांशी अहर्निश झुंजणारे समाजसुधारक म्हणून त्यांची ख्याती असली, तरी फिरत्या नाटकमंडळ्यांच्या सहवासात काढलेली त्यांची वर्षे आणि संत एकनाथांच्या चरित्रावरील ‘खरा ब्राह्मण’ या त्यांच्या नाटकाने उठविलेला गदारोळ ध्यानी घेता, मुंबई महानगरपालिकेने बोरिवली पश्चिमेतील आपल्या मालकीच्या नाट्यगृहास त्यांचे नाव द्यावे, हे सर्वथैव उचित होय. मुलुंडचे कालिदास आणि विलेपार्ल्याचे दीनानाथ या नाट्यगृहांप्रमाणेच या वास्तूने, नाटकासाठी दादर-गिरगावची वारी करणाऱ्या उपनगरवासीयांस घरानजीक रंगमंच दिला. येथे मराठी नाटकाच्या पाठोपाठ गुजराती नाटक लागते, मध्येच एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन. दुपारच्या प्रयोगाचा पडदा पडतो न पडतो, तोच नेपथ्य टेम्पोत चढू लागते आणि रात्रीच्या मंडळींचे सामान विंगेत येऊन पडते. लहान प्रयोगांसाठी याच इमारतीत मिनी थिएटरची तजवीज आहे; तिचा लाभ प्रायोगिक मंडळींनी अधिक घ्यावा, असे आम्हांस वाटते. अर्ज, अनामत आणि तारखांचे वाटप हा कारभार अर्थातच पालिकेच्या शिरस्त्याने चालतो, आणि शनिवार-रविवारच्या तारखेसाठी निर्माते दफ्तराचे उंबरठे झिजवितात.