शंभरातले किती रुपये गरजूंपर्यंत पोहोचतात? देणगी आणि प्रशासकीय खर्चाचा हिशेब

सामाजिक संस्थेला देणगी देण्याआधी बहुतेक जण एक प्रश्न हमखास विचारतात: ‘मी दिलेल्या शंभर रुपयांतले किती रुपये प्रत्यक्ष गरजूंपर्यंत पोहोचतात?’ प्रश्न रास्त आहे. घामाचा पैसा कुणाच्या गाडीत किंवा वातानुकूलित कार्यालयात जिरावा, असे कुणालाच वाटत नाही. मात्र देणगीच्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रश्नाचीच तपासणी केली आहे. प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्थेची पारख होत नाही, आणि हा टक्का कमी दाखवण्याच्या दबावाखाली चांगल्या संस्थाही आतून पोकळ होतात, असे त्यातून पुढे आले.

प्रशासकीय खर्च म्हणजे काय?

संस्थेच्या खर्चाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. मुलांची पुस्तके, रुग्णांची औषधे, शिक्षकांचे पगार हा थेट कामाचा खर्च. हिशेबनीस, कार्यालयाचे भाडे, वीजबिल, संगणक, लेखापरीक्षण, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि देणग्या मिळवण्यासाठीची धडपड हा अप्रत्यक्ष खर्च. यालाच बोलीभाषेत ‘ओव्हरहेड’ किंवा वरखर्च म्हणतात.

प्रत्यक्षात ही रेषा इतकी सरळ नसते. वीस गावांतल्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाचा पगार कोणत्या खात्यात मांडायचा? त्याच्या दुचाकीचे पेट्रोल? एकच खर्च एक संस्था ‘कामाचा’ म्हणून दाखवते, तर दुसरी ‘प्रशासकीय’ म्हणून. त्यामुळे दोन संस्थांचे टक्के शेजारी ठेवून केलेली तुलना अनेकदा फसवी ठरते.

देणगीदाराला हा खर्च का खुपतो?

२०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उरी ग्नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या ४० हजार संभाव्य देणगीदारांचे चार गट करून त्यांना शिक्षणविषयक कामासाठी आवाहन करण्यात आले. पहिल्या गटाला साधे आवाहन होते. दुसऱ्याला सांगितले, की एका मोठ्या देणगीदाराने आधीच रक्कम दिली आहे. तिसऱ्याला सांगितले, की तुमच्या देणगीइतकीच भर तो घालेल. चौथ्याला सांगितले, की प्रशासकीय खर्च त्याने आधीच भरला आहे, तुमचा प्रत्येक डॉलर थेट कामाला जाईल. सर्वाधिक पैसे चौथ्या गटाकडून आले, पहिल्या गटाच्या जवळजवळ तिप्पट.

म्हणजे वरखर्च होतो याला लोकांची फारशी हरकत नसते. तो आपल्या खिशातून जाऊ नये, एवढीच इच्छा असते. पण प्रत्येकानेच अशी इच्छा धरली, तर तो भरायचा कुणी?

उपासमारीचे चक्र

या कोंडीला अॅन गोगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’मधील लेखात ‘संस्थांच्या उपासमारीचे चक्र’ असे नाव दिले. हे चक्र असे फिरते: संस्था चालवायला किती लागते याबद्दल देणगीदारांच्या अपेक्षा अवास्तव असतात. पैसा हातचा जाऊ नये म्हणून संस्था वरखर्चाला कात्री लावतात आणि उरलेला कागदावर कमी करून दाखवतात. तो कमी आकडा पाहून देणगीदारांना वाटते, की एवढ्यात भागते. पुढच्या वर्षी अपेक्षा आणखी खाली येते.

आकडे कितपत खरे असतात, याचा अंदाज त्याच लेखात दिलेल्या एका अभ्यासातून येतो. अमेरिकी संस्थांनी करखात्याला दिलेली दोन लाखांहून अधिक विवरणपत्रे तपासली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक संस्थांनी देणग्या मिळवण्याचा खर्च शून्य दाखवला होता. आठांपैकी एका संस्थेचा व्यवस्थापनाचा खर्चही शून्य होता. हिशेब ठेवायलाही माणूस लागतो, हे लक्षात घेतले तर या शून्याचा अर्थ कळतो.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे या दबावाला कायद्याचीही जोड आहे. परदेशी देणग्यांबाबतच्या एफसीआरए कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि अशा निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे. तिची व्याख्या कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासनापुरती आहे. संस्थेच्या कार्यालयाला किती पैसे द्यावेत, याबद्दल तो नियम बोलत नाही. निधीच्या वाटाघाटी करताना संस्थांनी हा फरक माहीत करून घेतलेला बरा.

ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने काही भारतीय आणि परदेशी प्रतिष्ठानांसह केलेल्या अभ्यासात ३८८ भारतीय संस्थांची पाहणी झाली. त्यांपैकी ८३ टक्के संस्थांना अप्रत्यक्ष खर्चासाठी पैसे मिळवणे अवघड जात होते. ५४ टक्के संस्थांकडे तीन महिनेही पुरेल इतकी गंगाजळी नव्हती. तुलनेने भक्कम अशा ४० संस्थांचे हिशेब पाहिले, तेव्हा अप्रत्यक्ष खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत आढळला आणि मध्य आकडा होता १९ टक्के. रुग्णालय, शाळा आणि कायदेशीर मदत केंद्र यांना एकच मापट लावता येत नाही, हे या तफावतीवरून दिसते.

मोजणीचा खर्च वाया जातो का?

गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेचे उदाहरण पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या या संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यासाठी गावातल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. काम ३९ गावांत झाले आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांतल्या नोंदी ठेवल्या गेल्या. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आलेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे घरच्या घरी नवजात काळजी हा आशा कार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाला.

तुलनेच्या ४७ गावांत जन्म-मृत्यू मोजून तिथल्या एकाही बाळाला औषध मिळत नव्हते. ‘थेट गरजूंपर्यंत’ या कसोटीवर तो खर्च उणा ठरला असता. पण ती मोजणी नसती, तर उपाय लागू पडतो हे सिद्ध झाले नसते आणि तो गडचिरोलीबाहेर गेला नसता.

विचार कसा बदलतो आहे?

२०१३ मध्ये अमेरिकेत देणगीदारांना संस्थांची माहिती देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी संयुक्त पत्र काढून सांगितले, की केवळ वरखर्चाच्या टक्क्यावर संस्था जोखू नका. मॅकेन्झी स्कॉट यांनी त्यानंतरच्या वर्षांत अब्जावधी डॉलर, कशावर खर्च करायचे याची अट न घालता दिले. अशा निधीने संस्था बिघडतील, ही भीती होती. पण सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपीच्या अनेक वर्षांच्या पाहणीत बहुतेक संस्थांनी आपली आर्थिक स्थिती सुधारल्याचे सांगितले.

मग देणगीदाराने काय विचारावे?

वरखर्चाचा टक्का अगदीच निरुपयोगी नाही. वर्षानुवर्षे बहुतांश पैसा कार्यालयातच मुरत असेल, तर जाब विचारायलाच हवा. लबाडी पकडायला हा आकडा कधी कधी उपयोगी पडतो, पण कामाचा दर्जा त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळे प्रश्न लागतात:

• गेल्या तीन वर्षांत नेमका काय बदल झाला, आणि तो तुम्ही कसा मोजला?
• कोणता प्रयत्न फसला आणि त्यानंतर काय बदलले?
• लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळतील का?
• निधी थांबला, तर काम किती महिने चालेल?
• कर्मचाऱ्यांना पगार वेळेवर मिळतो का?

शेवटचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो. पण पाच तारखेला पगार न मिळालेली पर्यवेक्षिका नोकरी सोडते, तेव्हा तिच्यासोबत वीस गावांची ओळखही जाते. ते नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. देणगी देताना ‘यातले काही पैसे कार्यालयासाठी वापरले तरी चालतील’ एवढे एक वाक्य लिहून दिले, तरी संस्थेचा मोठा भार हलका होतो.