चांदबिबी महालात चांदबिबी नाही

नगरला जाण्यासाठी मी मुद्दाम फाल्गुन निवडला. लोक नगरमधून जातात ते बहुधा शिर्डीच्या किंवा शनिशिंगणापूरच्या वाटेवर, आणि खास शहर पाहायला कुणी आलेच तर पावसाळा सरताना, डोंगर हिरवे असताना. मला मात्र कोरडे पडू लागलेले नगर पाहायचे होते. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला राखला तो फेब्रुवारी १५९६ मध्ये. ज्या हवेत, ज्या उन्हात ती तटावर उभी राहिली, त्या दिवसांत तिथे एकदा जाऊन यावे, एवढाच हेतू होता. इतिहासाच्या अभ्यासात याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

शिरूरला घोड नदी ओलांडली की जिल्हा सुरू होतो. सुप्याच्या माळावर शाळू काढणीला आला होता. बांधावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या. कडुनिंबांची पाने झडत होती आणि मधूनच एखादा पळस नागडा, केशरी. एसटीच्या पाटीवर 'अहिल्यानगर' होते. शेजारच्या आजींनी कंडक्टरकडे 'नगर' मागितले आणि त्यानेही 'नगर'च दिले. २०२४ मध्ये नामांतर अधिकृत झाले. अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जन्म १७२५ चा. नामांतराच्या वादात मला शिरायचे नाही. पण माळीवाड्याला उतरताना एक गोष्ट मनात आली ती नोंदवतो. राज्य करणाऱ्या एका स्त्रीचे नाव या शहराला आज मिळाले. याच शहरात बसून राज्य चालवलेल्या दोन स्त्रिया मात्र आधीच होऊन गेल्या होत्या. त्या दोघी मायलेकी. त्यांचे काय झाले, ते पाहायला हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर गेलो. पाथर्डीच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर शाह डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर ती तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत. नगरच्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा, तो 'चांदबिबीचा महाल' म्हणेल. रिक्षावाल्याने तेच सांगितले, वर भेटलेल्या कॉलेजच्या मुलांनीही तेच. महाल नव्हे, ही कबर आहे. आणि ती चांदबिबीची नाही. मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान इथे पुरला आहे. तो १५८९ मध्ये वारला, म्हणजे चांदबिबी नगर राखायला उभी राहिली त्याच्या सहा-सात वर्षे आधी.

वरच्या मजल्यावरच्या कमानीत बसलो. वारा असा की टिपणवही उघडता येईना. खाली सगळा मुलूख पिवळा-तपकिरी, आणि दूर धुरकट शहर. सलाबतखानाबद्दल मला थोडे वाईट वाटले. या कमी पावसाच्या पट्ट्यात निजामशाहीने जी बागांची राजधानी वसवली ती खापरी नळांतून आणलेल्या पाण्यावर. भिंगार, कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालून नहरी शहरात येत. सलाबतखान हा या पाण्याच्या कामातला मोठा माणूस. भातोडीचा तलाव त्याचाच म्हणतात. पुढे १६२४ मध्ये मलिक अंबरने त्याच तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवली. त्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी कामी आले. असे पाणी मागे ठेवणाऱ्या माणसाच्या कबरीवर लोकांनी दुसऱ्याच कुणाचे नाव लावले आहे.

पण लोकांचे चुकले असे सरसकट म्हणवत नाही. एखादे नाव लोकांना जपायचे असते आणि ठेवायला जागा नसते, तेव्हा ते दिसेल त्या उंच इमारतीवर ठेवतात. चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारले. शहराला तिची एक जागा हवी होती, ती त्यांनी सगळीकडून दिसेल अशी निवडली.

उतरल्यावर भिंगारच्या बाजूला फराहबाग पाहायला गेलो. चौकोनी तलावाच्या मधोमध उभा राजवाडा, अशी तिची मूळची मांडणी. आता तलावात पाणी नाही. कोरड्या खोलगट जमिनीतून चालत जावे लागते. घुमटाखालच्या उंच दालनात पारव्यांचा घुमारा तेवढा भरून राहिलेला. भिंतींवरचा गिलावा पोपडे धरून सुटतो आहे. काही कोनाड्यांत मात्र नक्षी अजून शाबूत आहे. मूर्तजाला लोक 'दिवाना' म्हणत. राज्य वजिरांवर सोडून तो वर्षानुवर्षे बागेत एकांतात राहिला. १५८८ मध्ये त्याच्या मुलाने त्याला हमामखान्यात कोंडून मारले. इतिहासकार फिरिश्ता त्या काळात नगरातच होता. पुढच्याच वर्षी तो विजापूरला गेला.

या मूर्तजाची आई म्हणजे खुंजा हुमायूं.

तिच्यासाठी नगरला नव्हे, पुण्याला जावे लागते. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाची फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी ती रचली. जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला, आणि काही महिन्यांतच हुसेन वारला. मुलगा मूर्तजा लहान. कारभार खुंजा हुमायूंच्या हाती आला. पोथी याच सुमाराची. तिच्यात डझनभर चित्रे आहेत आणि दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या कामांत त्यांची गणना होते. जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ती संपादित करून मंडळातर्फे प्रसिद्ध केली, म्हणून माझ्यासारख्याला घरी बसून पाहता येते.

स्तुती राजाची असली तरी कवीने राणीवरही मन लावून लिहिले आहे आणि चित्रकाराने तिला सिंहासनावर राजाशेजारी बसवले. दरबारी चित्रात राणीला इतक्या मोकळेपणाने बसवणे ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट. आणि मग कुणीतरी ती पुसली आहे. राजा आहे, चवरी ढाळणाऱ्या दासी आहेत. राजाच्या शेजारी मात्र रंगाचा एक डाग. डाग नीट पाहिला तर बसलेल्या बाईचा आकार कळतो. काही वर्षे कारभार केल्यावर मूर्तजाने आईला पकडून कैदेत टाकले. चित्रांतली राणी त्यानंतर पुसली गेली असावी, असे अभ्यासक मानतात. मलाही दुसरे कारण सुचत नाही. पोथी फाडली नाही, जाळली नाही. चित्रे मोलाची होती, ती ठेवली. त्यांतून एकच व्यक्ती काढली.

त्याच पोथीत एक पान असे आहे की ते पाहूनच माझ्या डोक्यात हा फाल्गुनाचा नाद शिरला. एक स्त्री झाडाला स्पर्श करते आहे आणि झाड फुलून आले आहे. संस्कृत काव्याच्या वाचकाला हे लगेच ओळखू येईल. हा दोहद. सुंदर स्त्रीच्या पायाचा आघात झाला की अशोक फुलतो, हा जुना संकेत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त वसंत आला तरी अशोक फुलत नाही, राणी धारिणीचा पाय दुखावलेला असतो, म्हणून ती मालविकेला पाठवते. सगळे नाटक त्यावर वळते. आपला 'डोहाळे' हा शब्द याच दोहदातून आला. म्हणजे फारसीत लिहिणारा कवी, मुसलमान सुलतान, आणि चित्रात डोहाळे लागलेले झाड. निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्याचा मुलगा, असे फिरिश्ता सांगतो. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, २८ मे १४९० रोजी बहमनी फौजेला हरवले आणि त्याच रणभूमीवर, सीनेच्या काठी, आधी बाग व मग शहर वसवले. मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे नगरच्याच शाह शरीफ या फकिरावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा सर्वांना माहीत आहे. अशा शहरात झाडाला दोहद लागले, तर त्यात नवल नव्हते. त्या पानावरची बाई राणीच आहे का, हा वाद मी बाजूला ठेवतो. चित्र राणीच्या कारकिर्दीतले आहे, एवढे पुरे.

आता मुलगी. चांदबिबी ही हुसेन आणि खुंजा हुमायूंची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. तो १५८० मध्ये मारला गेल्यावर तिने लहानग्या इब्राहिम आदिलशहाच्या वतीने विजापूरचा कारभार पाहिला, तिथल्या सरदारांच्या हातून कैदही भोगली. पुढे ती माहेरी आली आणि इथे वारसांची भांडणे पेटलेली असताना अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला. सोबत खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे ज्याचे दोहे आपण शाळेत पाठ केले तो रहीम. १५९५ च्या अखेरीस वेढा पडला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्यांना सुगावा लागून काही निकामी केले गेले, पण एक उडाला आणि तटाला खिंडार पडले. चांदबिबी चिलखत चढवून, बुरखा घेऊन, नंगी तलवार हातात धरून त्या खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी करवली, असे फिरिश्ता लिहितो. तोफगोळे संपले तेव्हा तिने सोन्या-चांदीचे गोळे डागले ही भर लोकांची.

फिरिश्ता वाचताना एक सावधगिरी हवी. तो हे लिहीत होता विजापुरात, इब्राहिम आदिलशहाच्या पदरी. आणि इब्राहिमला लहानपणी सांभाळले ते चांदबिबीने. धन्याच्या पालनकर्तीबद्दल कोण वाईट लिहील? पण शेवटचा निकाल फिरिश्त्यावर अवलंबून नाही. मोगलांना किल्ला मिळाला नाही. वऱ्हाड घेऊन ते तहावर परतले आणि बालराजा बहादूरची गादी मान्य केली. हे मोगल बाजूलाही कबूल आहे. चार वर्षांनी फौजा पुन्हा आल्या. आता टिकाव लागणार नाही हे ओळखून ती बोलणी करू लागली, तेव्हा ती फितूर झाली अशी ओरड उठली आणि तिच्याच लोकांनी आत घुसून तिला मारले. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवले.

आईचे चित्र पुसले गेले. लेकीची चित्रे मात्र पुढची दोनशे वर्षे निघत राहिली. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली चांदबिबी हा दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय. अठराव्या शतकातली अशी चित्रे देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत. राज्य बुडाले होते, तिला पुसून काही साधणारा कुणी उरला नव्हता. खुंजा हुमायूंच्या वेळी तसा एक जण होता. तिचाच मुलगा.

तिसऱ्या दिवशी किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे. दारात ओळखपत्र दाखवून, नोंद करून आत सोडतात. नगरचा किल्ला डोंगरी नाही, सपाटीवर आहे. गोल तट, भोवती रुंद खंदक. सध्याचे दगडी बांधकाम हुसेनच्या काळचे, म्हणजे चांदबिबीने राखला तो बापाचा तट. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्टला पेठ घेतली आणि १२ ऑगस्टला किल्ला; चार दिवसांत काम झाले. मी खंदकाच्या कडेने चालत ते १५९६ चे खिंडार कुठे असेल याचा अंदाज घेत होतो. दगड सगळीकडे सारखाच आहे. बरोबरच्या जवानाला विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, नेहरूंची खोली बघा. सगळे तेच बघायला येतात."

मीही पाहिली. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण इथे आणले गेले. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले हे सर्वांना माहीत असते. त्याच्या आरंभी ते बागेसाठी जमीन खणत असल्याचे सांगतात. माती रेताड, दगडगोट्यांची. खणता खणता जुन्या भिंतींचे अवशेष लागत. एकदा भिंतीत कोरलेले कमळ सापडले. आणि इथल्या सगळ्या इतिहासातून त्यांना आठवण होते ती चांदबिबीची.

मला मात्र आझादांची पत्रे जास्त आवडतात. 'गुबार-ए-खातिर' मधली, पाठवायची सोय नसलेली. मार्च १९४३ मध्ये, म्हणजे मी उभा होतो त्याच दिवसांत, ते खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर पानेच्या पाने लिहीत होते. आधी त्यांना हुसकावले, मग हरले, मग दाणे टाकू लागले; एकीचे नाव मोती, एक चिमणा कलंदर. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याला त्यांची पत्नी झुलेखा बेगम वारली. भेटीसाठी सुटका मागायला त्यांनी नकार दिला होता. त्यानंतरचे पत्र चिमण्यांच्या पत्रांच्या लगेच मागे वाचायला मिळते, आणि ते तसेच वाचावे.

त्या खोल्यांसमोरच्या अंगणात आता नीट राखलेली हिरवळ आणि फुलांचे वाफे आहेत. माळी पाइपने पाणी घालत होता. पाणी कुठून येते, असे मी विचारले. "मुळा धरणाचं," तो म्हणाला. खापरी नळ कुठे पाहायला मिळतील का, असेही विचारले. त्याने पाइप खाली ठेवला आणि म्हणाला, लहानपणी गावाकडे विहीर खणताना एक तुकडा निघाला होता, आजीने त्यात तुळस लावली होती.