वेबसाइटवर लोक येतात, पण ऑर्डर देत नाहीत? आधी हे तपासा

माझी मावशी घरी काळा मसाला आणि चटण्या बनवून विकते. मी तिला वेबसाइट बनवून दिली, तिने साठवलेल्या पैशांतून जाहिरातही केली. महिन्याभरात ६०० लोक आले, ऑर्डर आल्या फक्त ३. मावशी म्हणाली, "अरे, दुकानातून एवढी माणसं रिकाम्या हाताने गेली असती, तर मी एकाला तरी विचारलं असतं, काय झालं म्हणून." आणि मी मात्र जाहिरात वाढवायला निघालो होतो!

कन्व्हर्जन रेट म्हणजे काय?

वेबसाइटवर आलेल्या दर १०० लोकांमागे किती जणांनी खरेदी केली, तो आकडा म्हणजे कन्व्हर्जन रेट. ऑर्डरना व्हिजिटरच्या संख्येने भागा आणि १०० ने गुणा. आमचा रेट निघाला ०.५ टक्के. तो १ टक्का झाला तरी जाहिरातीवर जास्त खर्च न करता ऑर्डर दुप्पट होतात.

गिऱ्हाईक कुठून परत जातं?

मावशीच्या जुन्या फोनवर, वायफाय बंद करून मी स्वतः ऑर्डर द्यायला बसलो. चार चुका सापडल्या:

१. पेज हळू उघडत होतं. एकेक फोटो ४-५ एमबीचा होता. ते लहान करून वेबपी फॉरमॅटमध्ये टाकले. गूगलच्या निकषानुसार पेजवरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत टूलवर हे तपासता येतं.

२. डिलिव्हरी चार्ज शेवटी दिसत होता. २०० रुपयांच्या मसाल्यावर अचानक ८० रुपये वाढले की माणूस तिथूनच परत फिरतो. आता चार्ज किमतीशेजारीच लिहिला आहे.

३. खातं उघडायची सक्ती होती. ती काढली. नाव, मोबाईल नंबर, पत्ता घ्यायचा आणि यूपीआयने पैसे, बस्स.

४. विश्वास बसेल असं काहीच नव्हतं. मावशीचा फोटो, एफएसएसएआय नोंदणी क्रमांक, माल खराब निघाला तर काय करायचं ते आणि व्हॉट्सअॅपचं बटण टाकलं.

हे मात्र करू नका

"फक्त २ पाकिटं शिल्लक!" अशी खोटी घाई दाखवू नका. केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याला मनाई आहे. त्याच यादीत सुरुवातीला लपवलेले चार्जही आहेत. म्हणजे नकळत ती चूक आम्हीही करत होतो!

पुढे काय झालं?

पुढच्या महिन्यात जाहिरात बंद ठेवली. ४०० लोक आले, ऑर्डर आल्या ९. पण मी चारही बदल एकदम केले, त्यामुळे नेमका फायदा कशाने झाला ते सांगता येत नाही. तुम्ही एका वेळी एकच बदल करा आणि आकडे लिहून ठेवा. सुरुवात आजच करा: स्वतःच्या वेबसाइटवरून स्वतःच एक ऑर्डर देऊन बघा.