पाचव्या दिवसाची रात्र

भडगावातलं एक घर समजून चालू. बाईची पाळी दर २४ दिवसांनी येते. धाकटं वर्षाचं, तेही सिझेरियनचं. आणखी दोन वर्षं तरी थांबा, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

शुक्रवार, रात्री १०. पाळीचा पाचवा दिवस. सकाळीच डोक्यावरून न्हाणं झालं, पण घडीवर तपकिरी डाग अजून पडतोय. "अहो, आज नको." "अगं, पाळीत कुठं दिवस राहतात?" पहिल्या-दुसऱ्या दिवशी हे बहुतेक खरं ठरतं. एवढ्या लवकर येणाऱ्या पाळीच्या पाचव्या दिवशी त्याचा भरवसा नाही.

शनिवार, सकाळी ७. डाग थांबला. शुक्रजंतू मात्र आत जिवंत आहेत, ते ५ दिवसांपर्यंत टिकू शकतात. लेवोनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. ती आत्ताच घेतली तर सगळ्यात उपयोगी. पण मेडिकलवाला सासऱ्यांच्या ओळखीचा.

रविवार. दिवसभर कपाशीची वेचणी.

सोमवार, संध्याकाळी ६. ६८ तास झाले. गोळीच्या पाकिटावर ७२ तास लिहिलेत, म्हणजे अजून वेळ आहे असं वाटतं. घात इथंच होतो. स्त्रीबीज सुटणं लांबवणं हे त्या गोळीचं मुख्य काम. बीज सोडवणाऱ्या संप्रेरकाची लाट एकदा चढली की गोळीचा फारसा उपयोग होत नाही. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. २४ मधून १४ गेले, राहिले १०. दहावा दिवस बुधवारी येतो, आणि लाट त्याच्या दीडेक दिवस आधीच उठते.

मंगळवार. अजूनही तांबी आहे. संबंधानंतर ५ दिवसांत बसवली तर दिवस राहणं जवळपास टळतं, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. बाळंतपणानंतर इतक्यांदा तपासणीला गेलेल्या बाईला हे माहीत नसावं, याचा मला संताप येतो.

बुधवार, पहाटे ४. बीज सुटलं. ते जेमतेम १२ ते २४ तास जगतं, पण शुक्रजंतू नळीत आधीच पोचलेले आहेत.

पंधरा दिवसांनी, गुरुवार. पाळी आली नाही. पट्टीवर दोन रेघा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. १९७१ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.